बोज्याची गाडी

रंगनाथ मिस्त्रींना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सकाळची वेळ होती आणि त्यांच्या हातात बाटली होती. दवाखान्याच्या ओट्यावर पेशंटांची रांग लागलेली. हे गृहस्थ रांग ओलांडून थेट माझ्या टेबलापाशी आले, बाटली टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "बाई, गाडी कुठं हाय?" सकाळीच घेऊन येणारी माणसं मी बरीच पाहिली होती. त्यांच्याशी वाद घालायचा नसतो हे ठाऊक असूनही मी आवाज चढवला आणि त्यांना बाहेर बसायला सांगितलं. ते मुकाट्यानं निघाले, पण जाता जाता बाटलीचं बूच काढून ती माझ्या नाकासमोर धरली. पेट्रोल होतं. दिवसभर माझ्या टेबलाला तो वास येत राहिला.

ती बाटली सगळ्या नेवासे तालुक्यात प्रसिद्ध आहे हे मला नंतर कळलं. गाडीच्या टाकीची नळी काढून टाकायची, बाटलीतली नळी इंजिनाला जोडायची आणि बाटली रिकामी होऊन गाडी थांबेपर्यंत चालवत न्यायची. जिथे थांबेल तिथून गाडी किती पिते ते ठरायचं. मग मिस्त्री खाली उतरणार, एक डोळा मिटून कार्बोरेटरचा स्क्रू किंचित पिळणार, आणि पुन्हा बाटली. गाडीच्या अ‍ॅव्हरेजसाठी माणसं त्यांच्याकडे लांबून येत. त्यातली बरीचशी कधी ना कधी त्यांच्यासोबत भर उन्हात रस्त्याकडेला उभी राहिलेली होती, तरी तक्रार कोणी करत नसे. "रंगनाथ मिस्त्रीनं हात लावला की गाडी पेट्रोलचा नुसता वास घेऊन पळती," असं ते स्वतःच सांगत, आणि सांगताना जराही लाजत नसत.

घोडेगावजवळ रस्त्याकडेला त्यांची पत्र्याची शेड होती, मागे दोन खोल्यांचं घर. माणूस उंच, हाडकुळा, डोक्यावरची टोपी एकेकाळी पांढरी असावी. काटकसर हा त्यांचा स्वभाव होता म्हणणं कमी पडेल, ती त्यांची करमणूक होती. विडी अर्धी ओढायची आणि अर्धी विझवून कानावर ठेवायची. कुठलीही वस्तू टाकायची नाही, तुटलेला नटसुद्धा डब्यात. जेवायला बसले की दीड भाकरीच्या वर हात जात नसे. "पोट ही टाकी न्हाई बाई, बाटली हाय," हे त्यांचं आवडतं वाक्य. उधळमाधळ करायचे ते फक्त बोलण्यात. मी सांगलीहून आलेली डॉक्टर, तोंडानं फटकळ, आणि वयानं त्यांच्या मुलीपेक्षा फार मोठी नव्हे. आमचं पहिल्या दिवसापासून भांडणच जमलं.

गाडी होती ती आमच्या मिशनच्या दवाखान्याची. आधीचे अमेरिकन डॉक्टर मायदेशी परत जाताना स्वतःची मोटार दवाखान्याला देऊन गेले होते. दोन दारांची, आकाशी रंगाची, इंजिन मागच्या बाजूला. पेशंटला आत घ्यायचं तर पुढची सीट दुमडून मागच्या सीटवर आडवं सरकवावं लागे. आमच्याकडे शस्त्रक्रियेची सोय नव्हती, रक्त द्यायची नव्हती. बाळंतपण अडलं की बाईला नगरला न्यायचं, आणि न्यायचं ते याच गाडीतून, इमामपूरचा घाट चढून. चालवायची मीच. दवाखान्याचा खर्च बघणारी कमिटी नगरात बसे आणि गाडी पेट्रोल फार पिते म्हणून दर बैठकीत कुरकुर करी. म्हणून मीच मिस्त्रींना बोलावणं धाडलं होतं, आणि बोलावलेल्या माणसाला दारुडा समजून बाहेर बसवलं होतं.

मागचं झाकण उघडून मिस्त्री बराच वेळ गप्प उभे राहिले. ते गप्प राहिलेले मी पहिल्यांदाच पाहत होते, अर्थात ओळखही तेव्हा तासाभराचीच होती. त्या इंजिनावर त्यांनी जन्मात न पाहिलेली एक वस्तू बसवलेली होती, टर्बोचार्जर. अमेरिकन डॉक्टरांनी जाताना मला एवढंच समजावलं होतं की इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरानं आत एक पंखा फिरतो आणि तो पंखा इंजिनात जादा हवा कोंबतो, त्यामुळे लहान इंजिन मोठ्याचं काम करतं. मी ते मिस्त्रींना सांगितलं. त्यांनी मान डोलावली. "म्हंजी फुंकनी. चुलीला आसती तशी." त्या दिवसापासून ती वस्तू आमच्याकडे फुंकणीच झाली.

फुंकणीला त्यांनी हात लावला नाही. पण तिच्यापासून निघून ठिणगीच्या डब्याकडे, म्हणजे डिस्ट्रिब्यूटरकडे जाणारी एक बारीक रबरी नळी होती, तिच्यावर त्यांची नजर गेली. गाडी चालू ठेवून त्यांनी ती नळी काढून पाहिली, लावून पाहिली, पुन्हा काढली. इंजिनाच्या आवाजात तसूभर फरक पडला नाही. "बिनकामाची हाय," ते म्हणाले. "जी वस्तू काम करत न्हाई ती इंजिनावर ठिवायची न्हाई." नळी खिशात गेली आणि भोकात बाभळीची खुंटी ठोकली गेली. मग पेट्रोल कमी केलं, ठिणगी जरा आधी पडेल असं केलं, जसं ते प्रत्येक अँबॅसिडरला आणि फियाटला करत. बाटली लावून आम्ही निघालो आणि गाडी पूर्वीपेक्षा कितीतरी पुढे जाऊन थांबली. मिस्त्रींनी मिशीवरून हात फिरवला. कमिटी खूश झाली, मीही झाले.

ती खुशी पहिल्या पेशंटपर्यंत टिकली. सपाटीवर गाडी लोण्यासारखी चालायची. मागे बाई निजलेली, तिच्या उशाशी सासू, पुढे नवरा, असं सगळं घेऊन घाटाला लागलं की मागून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येई. इंजिन तापे, जोर जाई, आणि पायी चालणारी माणसं आम्हाला मागे टाकून पुढे जात. कसंबसं वर पोहोचायचं, बाईला पोहोचवायचं, आणि परत येताना घोडेगावला मिस्त्रींच्या शेडपाशी थांबायचं. तिथे ती लबाड गाडी अशी शहाण्यासारखी घुरघुरत उभी राही की मलाच खोटं पडल्यासारखं वाटे. मिस्त्री झाकण उघडून कान देत, समाधानानं बंद करत आणि म्हणत, "इंजिन झ्याक हाय. बाई, तुमचा पाय जड हाय." असं बऱ्याचदा झालं. शेवटी मी त्यांना सुनावलं की माझ्या पायाचं वजन करत बसण्यापेक्षा एकदा माझ्याबरोबर घाट चढून दाखवा. त्यांनी ते हसण्यावारी नेलं.

अशाच एका फेरीत मी त्यांच्या मुलीला, गोदाला पाहिलं. पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. चणीनं बारीक, उभी राहिली तर पोट तेवढं दिसे, बाकी मुलगी दिसतच नसे. मी तिची खालची पापणी ओढून पाहिली, पांढरीफटक. काय खातेस म्हणून विचारलं तर ती आईकडे बघायला लागली. आईनं सांगितलं ते ऐकून माझा पारा चढला. सकाळी अर्धी भाकरी, संध्याकाळी अर्धी, तोंडी लावायला कोरड्यास, दूध तर बंदच. दुष्काळ होता हे खरं, पण या घरात चूल पेटत नव्हती अशातला भाग नव्हता. मिस्त्रींच्या हाताला काम होतं आणि दारात शेळी होती. हे सगळं ठरवून चाललेलं होतं. पोरीला कमी खाऊ घातलं की पोर लहान राहतं आणि बाळंतपण सोपं जातं, अशी त्या घराची पक्की समजूत होती. त्या घराचीच कशाला, आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या बायकांची होती.

मी मिस्त्रींना शेडच्या बाहेर बोलावलं आणि जे काही डॉक्टरी ज्ञान होतं ते त्यांच्यापुढे ओतलं. मुलीच्या अंगात रक्त नाही, कळा सोसायला जोर उरणार नाही, आणि बाळंतपणात रक्त जरा जास्त गेलं तर माझ्या हातात काही नाही, हे स्पष्ट सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, तुमी दवाखाना चालवा, घर मी चालवतो." मी रागानं गाडीत बसले आणि दार आपटलं. दाराची काच खाली सरकली, तीही त्यांनाच वर काढावी लागली.

त्यांचं असं का, ते मला त्यांच्या बायकोनं सांगितलं. ती दवाखान्यात डोळ्यांत औषध घालून घ्यायला आली होती. गोदाच्या आधी त्यांना मुलगा झाला होता. मिस्त्री तेव्हा तरुण, ट्रकवर क्लीनर होते आणि हौसेनं बायकोला खाऊ घालत होते. ट्रकवरून येताना दर खेपेला काहीतरी आणायचे, खारीक म्हणू नका, तूप म्हणू नका. पोर थोराड झालं आणि अडलं. नगरला न्यायला बैलगाडी जुंपली आणि घाटाच्या पायथ्याशीच सगळं संपलं. बाई वाचली, पोर गेलं. तेव्हापासून हा माणूस अर्धी विडी ओढायला लागला की आधीपासूनच ओढत होता, ते मला माहीत नाही. पण मी ज्याला चिक्कूपणा समजत होते ती भीती होती, हे कळल्यावर माझा राग बसला आणि काळजी वाढली. भीतीशी वाद घालायला मला कोणी शिकवलं नव्हतं.

त्याच सुमारास कमिटीनं निरोप दिला की गाडी घाट चढत नसेल तर उन्हाळा संपताच विकून टाकायची. माझ्या डोळ्यांपुढे गोदा आली. तिचे दिवस भरत आलेच होते. तिला नगरला न्यावं लागणार हे मी मनाशी जवळजवळ धरूनच चालले होते, आणि न्यायला हीच खोकणारी गाडी होती.

मग एके दिवशी दुपारी जवळच्या वस्तीवरून अडलेली बाई आली. तिला मागच्या सीटवर घेऊन मी निघाले आणि घोडेगावला शेडपुढे गाडी उभी करून मिस्त्रींना म्हणाले, "बसा. आज माझा पाय बघा." बाईचं कण्हणं ऐकून त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. ते मागे, बाईच्या पायांशी, अंग चोरून बसले. त्यांच्या पाठीला लागूनच इंजिन होतं. घाट सुरू झाला आणि तो आवाज आला. मी आरशात पाहिलं. मिस्त्री वळून मागच्या सीटच्या पाठीला कान लावून बसले होते आणि त्यांचा चेहरा उतरला होता. निम्म्या घाटात गाडी तापून थांबली. नशिबानं मागून ट्रक आला. त्यात सतरंजी टाकून आम्ही बाईला चढवलं, मीही चढले. बाई वाचली आणि मूलही वाचलं, हे आधीच सांगून टाकते. मिस्त्री गाडीपाशी मागे राहिले. ट्रक वळणाआड होईपर्यंत ते टोपी हातात घेऊन रस्त्यात उभे होते.

दुसऱ्या दिवशी मी नगरहून एसटीनं परतत होते, तर घाटाच्या पायथ्याशी आमची आकाशी गाडी दिसली. मी तिथेच उतरले. पायथ्याशी दुष्काळी काम चाललं होतं, खडी फोडायचं. जेवणाची सुट्टी झाली होती आणि मिस्त्री तिथल्या बायकांना ओझं म्हणून गाडीत बसवत होते. चांगल्या जाडजूड असतील त्यांनी आधी बसा म्हणत होते, पण त्या वर्षी जाडजूड बाई आणायची कुठून? म्हणून त्यांनी आकड्यानं भरती केली. पुढे दोघी, मागे मावतील तेवढ्या, मांडीवर मांडी. जन्मात मोटारीत न बसलेल्या त्या बायका धुळीनं भरलेल्या पदरांआड खुदखुदत होत्या आणि बाहेरच्या आपला नंबर कधी म्हणून भांडत होत्या. मला बघून मिस्त्रींनी चावी पुढे केली. "चला बाई. तुमीच चालवा. तुमाला जशी सवय हाय तशी."

आम्ही घाट चढायचो, आवाज आला की थांबायचो. मिस्त्री उतरून पेट्रोलचा स्क्रू सैल करायचे, ठिणगी मागे सरकवायचे, मग गाडी वळवून खाली यायची, बायका बदलायच्या आणि पुन्हा वर. आवाज कमी झाला पण गेला नाही. एका फेरीत घाटाच्या मध्यावर त्यांनी मला गाडी चालूच ठेवायला सांगितली, चढावर, ओझ्यासकट, चाकांना दगड लावून, आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबून इंजिन ओढायला लावलं. मी क्लच धरून तळ्यात-मळ्यात करत होते, बायका देवाचं नाव घेत होत्या. मागचं झाकण उघडून मिस्त्री वाकले आणि त्यांनी बाभळीची खुंटी उपटली. तिथल्या भोकावर बोट धरलं. मग झाकणाआडून बाजूला डोकं काढून इतक्या हळू म्हणाले की मला ते दाराबाहेरच्या आरशातल्या त्यांच्या ओठांवरूनच कळलं असावं. "हवा येतीया."

रिकाम्या गाडीत त्या नळीतून काहीच येत नव्हतं. ओझं पडून फुंकणी जोरात चालली की तिचा दाब त्या नळीतून जाऊन ठिणगी जरा उशिरा पाडायचा, म्हणून खडे वाजत नसत. ती सोय फक्त ओझ्याच्या वेळेसाठी केलेली होती, आणि मिस्त्रींनी ती शेडमध्ये, रिकाम्या उभ्या गाडीवर तपासून बिनकामाची ठरवली होती. नळी त्यांनी फेकली नव्हती, फेकणाऱ्यातले ते नव्हतेच. बाटलीत पेट्रोल ओढून घ्यायला ते तीच वापरत होते. तिथल्या तिथे हत्यारांच्या पिशवीतून काढून त्यांनी ती जागेवर बसवली, आणि पेट्रोलचा स्क्रू आणखी सैल केला, आयुष्यात कुठल्या गाडीला केला नसेल इतका. पुढच्या फेरीला गाडी त्या सगळ्या बायकांना घेऊन घाट चढली. खड्यांचा आवाज नाही, तापणं नाही. माथ्यावर बायकांनी मिस्त्रींना विचारलं की आता खाली चालत जायचं का. त्यांनी सगळ्यांना पुन्हा गाडीतूनच खाली आणलं. त्या दिवशी किती पेट्रोल जळलं ते त्यांनी मोजलं नाही. बाटली शेडमध्येच होती.

परतीच्या वाटेवर ते माझ्या शेजारी बसले होते. मी जिंकल्याच्या आनंदात काहीतरी टोमणा मारणार होते, पण त्यांच्याकडे पाहून तो गिळला. घोडेगाव जवळ आल्यावर ते समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणाले, "फुंकनी मारायची जोरात आन सरपन घालायचं दोन काड्या. मंग चुलीनं करायचं काय?" थोड्या वेळानं ते म्हणाले, "रिकाम्यावर लावलेलं बोज्याला चालत न्हाई. व्हय ना?"

"नाही चालत," मी म्हणाले.

शेड आली. ते उतरले, दार हळू लावलं, खिडकीवर हात ठेवून उभे राहिले. घराच्या दारात गोदा पोटावर हात ठेवून गाडी बघत होती. "बाई," मिस्त्री म्हणाले, "पोरीला काय काय द्यायचं ते एकदा परत सांगा. मागल्या टायमाला माझं ध्यान नव्हतं."

मी सांगितलं. दूध, गूळ, शेंगदाणे, भाजी मिळेल ती, आणि पोटभर भाकरी. पोर थोराड झालं तर, हे त्यांनी विचारलंच. मी त्यांना खोटा धीर दिला नाही. पोर मोठं होऊन अडलंच तर नगर आहे आणि आता घाट चढणारी गाडी आहे, पण आईच्या अंगात रक्तच नसेल तर नगरला पोहोचून उपयोग नाही, असं म्हणाले. त्यावर त्यांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवसापासून ते दवाखान्यात यायला लागले, मी दिलेल्या रक्तवाढीच्या गोळ्या न्यायला. हातात बाटली असायचीच. एकदा मी मुद्दाम बूच काढून वास घेतला तर दूध होतं. दुष्काळात दूध मिळवणं सोपं नव्हतं, आणि घरच्या शेळीचं पुरत नव्हतं म्हणून ते बेलापूरकडून येणाऱ्या एका ट्रकवाल्याकडून मागवत. बाटली नवीन होती, जुन्यासारखीच दिसणारी. आमच्या नर्सनं एकदा त्यांना दोन्ही बाटल्या जवळजवळ ठेवू नका म्हणून चांगलं झापलं.

गोदाला पहाटे कळा सुरू झाल्या आणि तिला दवाखान्यात आणलं तेव्हा उजाडत होतं. चार आठवड्यांचं खाणंपिणं काही फार नव्हे, पण पापणीला किंचित रंग आला होता आणि हाताला पकड आली होती. मी मिस्त्रींना सांगितलं की वेळ लागेल, पहिलटकरीण आहे, तुम्ही घरी जाऊन या. ते घरी गेले नाहीत. त्यांनी गाडी काढली, फाटकाशी नगरच्या दिशेनं तोंड करून उभी केली आणि आत बसून इंजिन चालू केलं.

आत गोदा कळा देत होती आणि बाहेर ते इंजिन चालू होतं. मला वाटलं, जरा वेळानं बंद करतील. केलं नाही. सकाळ गेली, ऊन चढलं, ओपीडीची माणसं येऊन गेली, आणि तो अ‍ॅव्हरेजचा माणूस रिकामी गाडी उभ्या जागी जाळत बसला होता, ऐन वेळी सुरू झाली नाही तर म्हणून. मधूनच आवाज वाढे. कान लावून पाहत असावेत. गोदाची आई माझ्याकडे बघे, मी खिडकीकडे बघे. त्या दिवसाइतकी भीती मला त्यानंतरच्या सगळ्या नोकरीत क्वचितच वाटली असेल. मुलगी बारीक, मूल काही लहान नव्हतं, आणि ते आणखी लहान राहावं म्हणून तिची आई महिनोन्‌महिने झटली होती, हे त्या आईलाही आता आठवत असणार. गोदानं मात्र माझी फार परीक्षा घेतली नाही. दात-ओठ खाऊन तिनं जोर लावला, पुन्हा लावला, आणि दुपारी मुलगी झाली. रक्त गेलं ते बेतानं. मी बराच वेळ तिच्या पोटावर हात ठेवून बसले, सगळं ठीक आहे अशी खात्री होईपर्यंत.

मग मी बाहेर गेले. मिस्त्रींनी मला येताना पाहिलं आणि त्यांचा हात गिअरवर गेला. "काढू?" त्यांनी विचारलं.

"नको," मी म्हणाले. "मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत."

त्यांनी चावी फिरवली. सकाळपासूनचा तो आवाज थांबला आणि एकदम फार शांत झालं. मिस्त्री तसेच बसून राहिले, दोन्ही हात स्टिअरिंगवर. मग त्यांनी टोपी काढून तोंडाला लावली. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. मलाही रडू आलं, आणि त्याचं मला आजही काही वाटत नाही.

त्यानंतर मिस्त्री आमचे बिनपगारी प्रचारक झाले. शेडमध्ये कोणी मोटार घेऊन आला आणि घरी सून गरोदर असल्याचं बोलला की त्याची गाडी बाजूला आणि व्याख्यान सुरू. "बोज्याची गाडी हाय ना? मंग अ‍ॅव्हरेज बघायचं न्हाई," असं ते ठणकावत. माझ्या सांगण्यानं जे झालं नव्हतं ते त्यांच्या सांगण्यानं पुष्कळ घरांत झालं. बाकीच्या गाड्यांची बाटली त्यांनी सोडली नाही, अर्धी विडीही नाही. आकाशी गाडी आणखी काही वर्षं घाट चढली, मग तिच्या सुट्या भागांचा जगात कुठे ठावठिकाणा उरला नाही. ती विकली गेली तेव्हा मिस्त्रींनी फुंकणी काढून घेतली आणि शेडमध्ये खुंटीला टांगली.

त्यांचं शेवटचं आजारपण माझ्याच वॉर्डात गेलं. तेव्हा माझेही केस पांढरे होऊ लागले होते. हृदय थकलं होतं, पायांवर सूज, आणि त्यांनी अन्न सोडल्यातच जमा होतं. गोदा सासरहून येऊन उशाशी बसलेली. तिची मुलगी कॉलेजात होती, तीही येऊन-जाऊन असायची. एका सकाळी राउंडला गेले तर गोदा हातात दुधाचा चमचा धरून बसली होती आणि मिस्त्री तोंड फिरवून पडले होते. मी आवाज चढवला, जुन्या सवयीनं. म्हटलं, मिस्त्री, काहीतरी पोटात गेलं पाहिजे. त्यांनी डोळे उघडले. अजून ते माझ्याशी वाद घालायला तयार होते, हे बघून मला बरं वाटलं.

"बाई," ते म्हणाले, "आता बोजा न्हाई, चढ न्हाई. रिकामी गाडी हाय. अ‍ॅव्हरेजवर लावा."

डॉक्टरी नजरेनं त्यांचं बरोबर होतं, आणि ते मला ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक होतं. मी नाडी बघायच्या निमित्तानं त्यांचा हात हातात घेऊन उभी राहिले. गोदानं चमचा खाली ठेवला नव्हता. ती वडिलांच्या तोंडाशी वाकली.

"रिकामी कशी, दादा?" ती म्हणाली. "मी बसलीया की आत."

मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं. मग तोंड उघडलं.